भिंतीआधी नळ

मी महापालिकेचा चावीवाला.
पाच दिवसांतून एकदा आमच्या भागाला पाणी सोडतो,
पहाटे सव्वातीनला, कधी चारला,
टाकी भरलीच नाही तर शिव्या खात सहाला.
मधल्या वेळात डोळा लागू नये म्हणून
पोरीनं मोबाईलवर एक खेळ टाकून दिला.
"नान्ना, हितं तुमचं एक गाव असतंय. वाढवायचं."

गाव कोरं होतं. नदी, दोन टेकड्या, एक माणूस.
नाव विचारलं तर साखर पेठ घातलं,
पलीकडं वस्ती झाली तिला दाजी पेठ,
तिसऱ्याला काही सुचेना, बायकोचं दिलं.
अनसूयाला आता बंदर आहे.
तिला सांगितलं, तर म्हणाली,
आधी मोरीचा पाइप बघा.

नियम साधा.
खाऊन धान्य उरलं की एक माणूस वाढतो,
आकडा वर सरकतो, टुणकन वाजतं.
त्या आवाजाची तंबाखूसारखी सवय लागते.
पण भालेवाले उभे करायचे
तर त्याच आकड्यातून दोन जातात.
कुठले दोन, खेळ सांगत नाही.
बाराचे दहा होतात
आणि वेशीबाहेर एक तुकडी
तंबू टाकून माझ्या बोटाची वाट बघत बसते.

एकदा केलं. परत नाही केलं.
वजा झालेली माणसं मला माहीत आहेत.
गिरणीचा भोंगा बंद पडला तेव्हा
यल्लप्पा यन्नम भिवंडीला गेला,
त्याचे दोघे भाऊ सुरतेला,
समोरचा कोंडा मास्तर कुठं गेला ते त्याच्या भावालाही ठाऊक नाही.
घरं तशीच, मीटर तसेच,
फक्त नळाखालच्या घागरी कमी झाल्या.
जनगणनावाला दहा वर्षांनी येतो,
मला पाचव्या दिवशी कळतं.
आणि माझी सौजन्या
सकाळच्या पुण्याच्या गाडीत बसली,
पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी,
तेव्हा मी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात होतो, कमरेपर्यंत.

म्हणून मी कालवे काढले.
तटबंदी नाही, बुरूज नाही, आधी पाणी.
साखर पेठ चौदावर गेली,
यंत्रमाग घालता येत नव्हता, कुंभारवाडा घातला.
उत्तरेकडून निळा झेंडा दिसायला लागला
तरी मी चौथा कालवा काढत होतो.

एकशे चौऱ्यांशीव्या चालीला निळे आले.
हत्ती होते. मी हत्ती पहिल्यांदाच बघितले त्या खेळात,
थोडा वेळ नुसता बघतच राहिलो.
दोन चालींत साखर पेठ गेली.
चौदाचे सात झाले,
आकड्याशेजारी एक लाल मूठ आली,
म्हणजे लोक नाराज आहेत.

फोन वाजला. पुण्याहून.
"नान्ना, भिंत का नाही बांधली?"
मी म्हटलं, निळी तू होय?
हसली. रात्रपाळीत होती, मागून कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं.
"पाच चाली जाऊ द्या, वाढतंय परत."
मी म्हटलं, घेतलंस ते घेतलंस,
तेवढे कालवे तोडू नको.
"तोडीन कशाला? त्याच्यासाठीच तर घेतलं की."
मग म्हणाली, गादीखाली चारशे रुपये ठेवलेत,
अम्माच्या चष्म्याला. मागच्याच दिवाळीत ठेवलेत.
मागची दिवाळी! मी काहीच बोललो नाही.

सव्वातीन झाले. झाकण काढलं.
चावी बसवली, बावीस वेढे,
सतराव्याला ती नेहमी अडते, आजही अडली.
नळातून आधी हवा येते,
पेठभर म्हातारे खाकरल्यासारखे नळ खाकरतात,
मग दिवे लागतात, एकेक, मग घाईनं.
मी उभ्या उभ्या भांडी मोजतो,
पितळ, प्लास्टिक, बुर्ल्यांचं ते गळकं पिंप.

यन्नमांच्या बंद दारापुढं
कुणीतरी पत्र्याची बादली ठेवली होती.
भाडेकरू असेल. मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिला थेंब पडला,
टुणकन.